देशाला हसवणाऱ्या किशोरकुमारनं आयुष्यभर या जगापासून ‘दूर’ जायचंच स्वप्न पाहिलं

किशोरकुमार म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?

कुणाला योडलिंग आठवेल. कुणाला ‘चलती का नाम गाडी’ मधला गाडी दुरुस्त करणारा पोरगा आठवेल. कुणाला ‘पडोसन’ मधला तोंडात पान धरून गाणं शिकवणारा विद्यापती आठवेल. अर्ध्या मानधनात अर्धाच मेकअप करून सेटवर गेल्याचे किस्से तर दर ४ ऑगस्टला आणि १३ ऑक्टोबरला तुमच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडत असतील.

पण याच माणसानं एक गाणं स्वतः लिहिलं, स्वतः चाल लावली, स्वतः गायलं आणि पडद्यावर स्वतःच साकारलं. त्या गाण्यात विनोद नाही, योडलिंग नाही. एक बाप आपल्या लहान मुलाला सोबत यायला सांगतो. कुठे? तर जिथे दुःख नावाची गोष्टच नाही, अशा एका गावाला.

१९६४ सालचं हे गाणं आजही रील्समध्ये वाजतं, बापलेकाच्या व्हिडिओंना लावलं जातं. अनेकांना ते अंगाईसारखं वाटतं. पण ते लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तेव्हा काय चाललं होतं, हे कळलं की ते अंगाईसारखं राहत नाही.

खंडव्याचा आभास

४ ऑगस्ट १९२९. खंडव्यातल्या गांगुली या बंगाली कुटुंबात एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं आभासकुमार. वडील कुंजलाल वकील होते, आईचं नाव गौरीदेवी. चार भावंडांत आभास सगळ्यात धाकटा. थोरला भाऊ कुमुदलाल त्याच्यापेक्षा जवळपास १८ वर्षांनी मोठा. पुढे हा कुमुदलाल ‘अशोककुमार’ झाला, मधला कल्याण ‘अनूपकुमार’ झाला आणि आभासचा ‘किशोर’ झाला.

खंडवा आज मध्य प्रदेशात आहे, पण आपल्याला ते लांबचं नाही. भुसावळवरून गाडी इटारसीकडे निघाली की बऱ्हाणपूर लागतं आणि मग खंडवा. मुंबईहून उत्तरेत जाणाऱ्या कित्येकांनी या स्टेशनवर चहा घेतलेला असतो.

किशोरच्या आवाजाबद्दल अशोककुमार एक आठवण सांगायचे. लहानपणी किशोरचा आवाज चक्क बेसूर आणि घोगरा होता. एकदा त्याच्या पायाला मोठी जखम झाली. दुखणं इतकं होतं की पोरगं कित्येक दिवस रडतच होतं. त्या रडण्यानंच त्याचा गळा मोकळा झाला, असं थोरल्या भावाचं म्हणणं.

यात वैद्यकीय तथ्य किती, हा भाग वेगळा. पण ज्या आवाजावर देश फिदा झाला, तो रडण्यातून आला असं खुद्द घरचेच मानायचे.

शिक्षणासाठी किशोर इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजमध्ये गेला. अभ्यासापेक्षा गाणं आणि नकलाच जास्त. तिथल्या कँटीनवाल्याची उधारी राहून गेली आणि तोच हिशेब पुढे ‘चलती का नाम गाडी’च्या एका गाण्यात आला, असा किस्सा आजही सांगितला जातो.

मग तो मुंबईला आला. अशोककुमार तोपर्यंत मोठे स्टार झाले होते. धाकट्यानंही नट व्हावं ही त्यांची इच्छा होती. धाकट्याला मात्र फक्त गायचं होतं. आणि गायचं म्हणजे कुंदनलाल सैगलसारखं गायचं होतं.

१९४८ च्या ‘जिद्दी’मध्ये संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी त्याला गाणं दिलं. ते ऐकलं तर सैगलच गातोय असं वाटावं. पुढे सचिनदेव बर्मन यांनी त्याला नकलेतून बाहेर पडून स्वतःच्या आवाजात गायला सांगितलं. शास्त्रीय संगीताची तालीम नसलेला हा पोरगा मग हळूहळू स्वतःसारखा गायला लागला.

विनोदी हिरो आणि घरातली शांतता

पन्नासच्या दशकात किशोरकुमार गायकापेक्षा नट म्हणून जास्त ओळखला जायचा. ‘नौकरी’, ‘न्यू दिल्ली’, ‘आशा’, ‘चलती का नाम गाडी’ असे एकामागून एक सिनेमे आले. पडद्यावर हा माणूस एका जागी उभाच राहत नसे. लोक पोट धरून हसायचे.

घरी मात्र चित्र वेगळं होतं.

१९५० मध्ये त्यानं रूमा घोष यांच्याशी लग्न केलं. रूमा स्वतः उत्तम गायिका आणि अभिनेत्री. सत्यजित राय यांच्या पत्नी बिजोया या त्यांच्या नात्यातल्या. १९५२ मध्ये मुलगा झाला, अमित. पण संसार टिकला नाही. १९५८ मध्ये दोघं वेगळे झाले. रूमा कोलकात्याला गेल्या, तिथे त्यांनी ‘कॅलकटा युथ क्वायर’ उभं केलं. अमितही आईसोबत कोलकात्यात वाढू लागला. म्हणजे बाप मुंबईत आणि मुलगा दोन हजार किलोमीटरवर.

त्याच १९५८ मध्ये ‘चलती का नाम गाडी’ आला. नायिका होती मधुबाला.

१९६० मध्ये किशोर आणि मधुबाला यांनी लग्न केलं. तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. उपचारांसाठी दोघं लंडनला गेले. तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया शक्य नाही आणि तिच्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत असं सांगितलं. तेव्हा ती २७ वर्षांची होती.

पुढची नऊ वर्षं मधुबालानं बहुतेक अंथरुणावर काढली, त्यातला बराच काळ वांद्र्याला माहेरच्या घरी.

या नऊ वर्षांबद्दल दोन बाजू सांगितल्या जातात. किशोरकुमारच्या सांगण्यानुसार त्यानं शेवटपर्यंत तिची काळजी घेतली, तिचं चिडणं आणि रडणं सोसलं. मधुबालाच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार तिला औषधांपेक्षा नवऱ्याचा सहवास हवा होता आणि तो अधूनमधूनच यायचा. दोघांपैकी कुणाला खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. पण जगातली सगळ्यात सुंदर मानली गेलेली बाई एका खोलीत झिजत होती आणि देशाला हसवणाऱ्या माणसाकडे त्यावर काही उपाय नव्हता, एवढं नक्की.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, १९६१ मध्ये आलेला ‘झुमरू’ आठवा. किशोर आणि मधुबाला जोडीला होते, संगीतही किशोरचंच. सिनेमा धमाल. पण त्याच सिनेमात एकटेपणाचं एक अत्यंत उदास गाणं आहे. ते मुळात १९३६ च्या ‘जीवन नैया’मध्ये अशोककुमार यांनी गायलं होतं. सात वर्षांच्या आभासच्या कानात बसलेलं ते गाणं पंचवीस वर्षांनी किशोरकुमारनं पुन्हा बाहेर काढलं.

१९६४ : बापानं मुलासाठी लिहिलेलं गाणं

आता येऊ मुख्य गोष्टीकडे.

साठच्या दशकाच्या मध्यावर किशोरकुमारचं नट म्हणून चलन कमी व्हायला लागलं होतं. इन्कम टॅक्सची भानगड मागे लागलेली होती. बायको आजारी, मुलगा लांब.

अशा वेळी कुठल्याही शहाण्या निर्मात्यानं त्याला विनोदी सिनेमा काढायला सांगितलं असतं. त्यानं काढला ‘दूर गगन की छाँव में’. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, संगीतकार तोच आणि नायकही तोच. हा त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. त्यात विनोद जवळपास नाहीच.

गोष्ट आहे शंकर नावाच्या सैनिकाची. लढाईवरून तो घरी परततो तर घर जळून गेलेलं असतं, माणसं गेलेली असतात. वाचलेला असतो फक्त त्याचा लहान मुलगा रामू. पण त्या धक्क्यानं रामूची वाचा गेलेली असते. १९५८ च्या ‘द प्राऊड रिबेल’ या हॉलिवूडपटाशी या कथेचं साम्य आहे. तिथेही युद्धावरून परतलेला बाप आणि मुका झालेला मुलगा आहे.

आणि मुक्या रामूची भूमिका कुणी केली? अमितकुमारनं. किशोरच्या स्वतःच्या मुलानं, जो खऱ्या आयुष्यात त्याच्याजवळ राहत नव्हता.

या सिनेमातली बाकीची गाणी शैलेंद्र यांनी लिहिली होती. शैलेंद्र म्हणजे त्या काळातला पहिल्या फळीतला गीतकार. पण बापानं मुलाला म्हणायचं ते एक गाणं किशोरकुमारनं स्वतःच लिहिलं.

त्याची भाषा अगदी साधी आहे. जड उर्दू शब्द नाहीत, कोड्यात टाकणारी प्रतिमा नाही. लहान मुलाला कळेल असंच सगळं. आकाश, सकाळ, पक्षी, ऊन. माणसांची एकमेकांवर माया असेल अशी एक जागा. त्या जागेला गाण्यात नाव नाही आणि तिथे जायचा रस्ताही सांगितलेला नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या गाण्यातला बाप एकटा पळून जात नाहीये.

हिंदी सिनेमात जगाला कंटाळलेल्या नायकाची गाणी त्याआधीही होती. १९५७ च्या ‘प्यासा’मध्ये साहिर लुधियानवी यांनी लिहिलेलं शेवटचं गाणं तर अख्ख्या दुनियेला नाकारतं. त्यात राग आहे. आणि गाण्यातून जगाला नाकारणारा तो कवी निघून जातो तेव्हाही गुलाबोला सोबत घेऊनच जातो.

किशोरच्या गाण्यात राग नाही. जगानं काय केलं याची तक्रारही नाही, कारण ऐकणारा एक लहान मूल आहे. बाप स्वतः सगळं गमावून बसलाय, पण मुलासमोर त्याला रडता येत नाही. म्हणून तो त्याला एका सुंदर गावाची गोष्ट सांगतो. मुलाला उत्तर देता येत नाही. तो फक्त ऐकतो.

त्याच सिनेमातली इतर गाणी सोबत ठेवली तर आणखी एक गंमत दिसते. शैलेंद्रच्या एका गाण्यात नायक गेलेले दिवस परत मागतो. दुसऱ्या गाण्यात वाटसरूला न थांबता चालत राहायला सांगितलंय, आणि ते किशोरनं स्वतः न गाता हेमंतकुमार यांच्याकडून गाऊन घेतलं. म्हणजे दुःखातून बाहेर पडायच्या तीन वाटा एकाच सिनेमात आहेत. मागे जा, पुढे चालत राहा, किंवा मग या जगातूनच लांब कुठेतरी जा. यातली तिसरी वाट किशोरकुमारनं स्वतःच्या लेखणीसाठी राखून ठेवली.

त्याच १९६४ मध्ये सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ आला. त्यातही किशोरचा आवाज आहे. रवींद्रनाथ टागोरांचं गाणं, समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी स्त्रीला उद्देशून लिहिलेलं. तेही लांबच्या कुणाशी तरी बोलणंच.

‘दूर’ या शब्दाचा नाद

एखाद्या माणसाला एकच शब्द किती आवडावा?

१९७१ मध्ये किशोरकुमारनं दिग्दर्शित केलेला ‘दूर का राही’ आला. अशोककुमार, तनुजा, अमितकुमार सोबत. यात तो एका ठिकाणी न रमणारा, लोकांच्या मदतीला धावून पुन्हा पुढे निघणारा भटक्या झाला. १९८० मध्ये आला ‘दूर वादियों में कहीं’. तीन सिनेमे आणि तिन्हींच्या नावात ‘दूर’.

यापैकी कुठलाही सिनेमा पैसे कमावण्याच्या हिशेबानं काढलेला नव्हता. आणि १९७१ नंतर तर त्याला असं काही करायची गरजही नव्हती, कारण मधल्या काळात त्याचं आयुष्यच पालटलं होतं.

२३ फेब्रुवारी १९६९ रोजी मधुबाला गेली. वय ३६.

त्याच वर्षी ‘आराधना’ प्रदर्शित झाला. राजेश खन्ना रातोरात सुपरस्टार झाला आणि त्याचा आवाज म्हणून किशोरकुमार देशातला पहिल्या क्रमांकाचा गायक झाला. ‘आराधना’साठी त्याला पहिलं फिल्मफेअर मिळालं. पुढे एकूण आठ वेळा त्यानं सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचं फिल्मफेअर घेतलं.

ज्या वर्षी घर कायमचं रिकामं झालं, त्याच वर्षी त्याचा आवाज घराघरात पोहोचला.

सत्तरच्या दशकात त्यानं दुसऱ्यांची दुःखाची गाणीही इतकी गायली की विनोदी नट ही ओळख मागे पडली. ‘सफर’, ‘अमर प्रेम’, ‘मिली’. या सिनेमांतली त्याची गाणी ऐकताना जाणवतं की तो रडका सूर लावत नाही. आवाज सरळ ठेवतो, शब्द स्पष्ट ठेवतो. दुःख सांगताना आवाज न कापू देणं ही त्याची खासियत. १९६४ च्या त्या बापाचीही पद्धत हीच होती.

पैशाला तो चिवट होता. आगाऊ पैसे मिळाल्याशिवाय गाणार नाही ही त्याची ख्याती. पण आणीबाणीत सरकारी कार्यक्रमासाठी गायला त्यानं नकार दिला. मग ४ मे १९७६ पासून त्याच्या गाण्यांवर आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंदी आली. पुढे शाह आयोगानं या प्रकरणाची नोंद घेतली.

झाडांशी गप्पा मारणारा माणूस

जुहूच्या त्याच्या बंगल्याचं नाव ‘गौरी कुंज’. आई गौरीदेवी आणि वडील कुंजलाल. मुंबईत राहतानाही त्यानं दारावर खंडव्याचंच घर लावलं होतं.

या बंगल्याच्या आवारात झाडं होती. या झाडांना त्यानं माणसांची नावं दिली होती आणि तो त्यांच्याशी गप्पा मारायचा. १९८५ मध्ये पत्रकार प्रीतीश नंदी यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’साठी त्याची मुलाखत घेतली, तेव्हा मुंबईत आपल्याला मित्र नाहीत आणि ही झाडंच काय ती मित्र आहेत, असं त्यानं सांगितलं. या शहरात मरायची आपली इच्छा नाही, आपण खंडव्याला परत जाणार, हेही सांगितलं.

लोकांनी ते त्याच्या विक्षिप्तपणात जमा केलं. किशोरकुमार आहे, काहीही बोलतो.

पण खंडव्याचं वेड नवीन नव्हतं. स्टेजवर उभा राहिला की तो स्वतःची ओळख खंडवेवाला म्हणूनच करून द्यायचा. खंडव्याला जायचं, दूध-जिलेबी खायची आणि तिथेच राहायचं, हे तो वर्षानुवर्षं सांगत होता. १९६४ च्या गाण्यात ज्या गावाला नाव नव्हतं, त्या गावाला आता नाव मिळालं होतं.

तोपर्यंत त्याच्या घरात माणसंही परत आली होती. योगिता बाली यांच्याशी झालेलं तिसरं लग्न फार टिकलं नाही. १९८० मध्ये त्यानं लीना चंदावरकर यांच्याशी लग्न केलं. लीनाही तरुणपणीच वैधव्य आलेल्या. दोघांना सुमित नावाचा मुलगा झाला. आणि अमितही आता मुंबईत गायक म्हणून उभा राहिला होता.

मराठी रसिकांसाठी एक आठवण याच शेवटच्या काळातली. १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये किशोरकुमारनं अनुराधा पौडवाल यांच्यासोबत मराठी गाणं गायलं. पडद्यावर अशोक सराफ. लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या ऑर्केस्ट्रापर्यंत ते आजही वाजतं. ऐकताना कुणालाही वाटणार नाही की गाणारा माणूस सगळं आवरून गावी निघायच्या बेतात आहे.

शेवटी तो खंडव्याला गेला

१२ ऑक्टोबर १९८७ ला किशोरकुमारनं आशा भोसले यांच्यासोबत ‘वक्त की आवाज’ या सिनेमासाठी गाणं रेकॉर्ड केलं. ते त्याचं शेवटचं गाणं ठरलं.

दुसरा दिवस १३ ऑक्टोबर. अशोककुमार यांचा ७६ वा वाढदिवस. त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास जुहूच्या घरी किशोरला हृदयविकाराचा झटका आला आणि सगळं संपलं. वय ५८. ज्या भावाचं बोट धरून तो या दुनियेत आला, त्या भावाला पुढे आयुष्यभर आपला वाढदिवस आणि धाकट्याची पुण्यतिथी एकाच दिवशी सोसावी लागली.

ज्या शहरात मरायचं नव्हतं त्याच शहरात तो गेला. पण घरच्यांनी त्याची एक इच्छा पूर्ण केली. त्याचं पार्थिव खंडव्याला नेलं आणि तिथेच अंत्यसंस्कार झाले. आज तिथे त्याची समाधी आहे. दरवर्षी ४ ऑगस्टला आणि १३ ऑक्टोबरला लांबलांबून लोक येतात, दूध-जिलेबीचा नैवेद्य दाखवतात आणि त्याचीच गाणी गातात.

त्याचा अर्धवट राहिलेला सिनेमा ‘ममता की छाँव में’ त्याच्या मागे, १९८९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात अमितकुमार होता. २५ वर्षांपूर्वी बापाच्या सिनेमात एक शब्दही न बोलता गाणं ऐकणारा तो मुका रामू.

आणि बापानं त्याच्यासाठी लिहिलेलं ते गाणं आज अमितकुमार स्वतः स्टेजवर गातो. बाप त्या गावाला पोहोचला की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. पण मुलाला ते गाव अजून लक्षात आहे.